शंभराचे एकशे साठ

२० ऑक्टोबर, दुपार

आज नेपाळातल्या मुक्तिनाथचं ठरलं. औरंगपुऱ्यात बद्रीनाथच्या टूर ऑफिसात जाऊन अर्धे पैसे भरले, पावती घेतली आणि तिथंच उभं राहून वाचली. मागची बाजूही वाचली. "प्रवासात होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार नाही." म्हणजे नुकसान होणार हे त्यांना आधीच माहीत आहे.

माणसाचं नाव बद्रीनाथ आणि नेतो मुक्तिनाथला. इथूनच सावध राहायला हवं.

रेल्वे, बस, हॉटेल, जेवण सगळं भरलेल्या पैशांत आलं. पोखऱ्याहून वर मुक्तिनाथला जाणारी जीप तेवढी वेगळी. तिचे पैसे तिथंच द्यायचे. "तिथले आठेक हजार धरून चाला, काकू," असं म्हणाला. घरी येऊन कपड्यांच्या कपाटात जीपचे आठ हजार वेगळे बांधून ठेवले. यांना हात लावायचा नाही. वरखर्चाला तीन हजार. पुष्कळ झाले.

हे चितेगावला कंपनीत भट्टीवर होते. संध्याकाळी घरी आले की सदऱ्याच्या पाठीवर मिठाचा नकाशा असायचा. उन्हाळ्यात येताना कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणायचे, कपाळाला लावून ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "एकदा मुक्तिनाथला जाऊ. तिथं बर्फ विकत घ्यावा लागत नाही." रिटायर झाल्यावर जायचं ठरलं होतं. रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात गेले. तीन वर्षं झाली. आता मी जाऊन येते. बर्फ हातात घ्यायचा, एवढंच काम आहे. देवदर्शन त्यासोबत होईल.

निश्चय: या प्रवासात कुणाकडूनही फसायचं नाही.

२२ ऑक्टोबर

बन्सी म्हणाला, "आई, तिकडं मोठ्या नोटा चालत नाहीत, शंभराच्याच ने." बँकेतून शंभराच्या आणल्या. बंडल एवढं जाड झालं की कमरेला बांधल्यावर सून विचारायला लागली, आई, पोट बरं आहे ना.

बन्सी पुढं म्हणाला, "सीमेवर गेल्या गेल्या नेपाळी करून घे. शंभराचे एकशे साठ मिळतात."

मी पुन्हा विचारलं. एकशे साठच म्हणाला. मुलगा शिकलेला आहे, पण भोळा आहे. बापावर गेला.

पोलीस ॲक्शन झाल्यावर निजामाचा हाली रुपया जाऊन सगळीकडं भारताचा कलदार आला. सासूबाई तेव्हा नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. घरातल्या बायकांनी रडत रडत दिले. पुढं काय झालं? ज्यांनी जपून ठेवले त्यांचे हाली पोरांच्या खेळण्यात गेले आणि कलदार बाजारात चालला. सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, पैसा बदलताना कमी मिळाला तर समजावं खरा आहे. जास्त मिळाला तर समजावं कुणीतरी खेळतंय.

शंभराचे एकशे साठ! सासूबाई असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

शिवाय मी वाचते. शाळा नव्हती, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. त्यामुळं बऱ्याच बातम्या मला अर्ध्याच माहीत आहेत. पण अर्ध्याही पुरतात. "नेपाळ सीमेवर बनावट नोटांचा" एवढं शेंगदाण्याच्या पुडीवर होतं. पुढचा भाग बहुतेक साखरेला गेला.

२ नोव्हेंबर

शेजारची फहमिदा यंदा उमऱ्याला जाऊन आली आहे. परदेशचा अनुभव म्हणून तिला विचारलं. म्हणाली, "वच्छलाबाई, वहाँ रियाल लेनाच पड़ता. अपने नोट को तो कोई देखता भी नै."

मी विचारलं, आपल्या शंभराचे रियाल किती मिळाले?

"चार. भौत हुआ तो साडेचार."

याला म्हणतात खरा पैसा. अरबस्तान हा प्रामाणिक देश दिसतो.

१८ नोव्हेंबर, रात्री, मनमाड स्टेशन

निघालो. गोरखपूरच्या गाडीची वाट बघतोय. गाडी उशिरा आहे. बद्रीनाथ सगळ्यांना केळी वाटतोय. केळ्यांचे पैसे कशात धरले हे विचारलं. "प्रेमात धरले, काकू," म्हणाला. लक्षात ठेवलं आहे.

माझी रूम पार्टनर मनकर्णाबाई, खुलताबादच्या पलीकडची. ओळख झाल्याबरोबर पिशवी उघडून स्वतःचे सगळे पैसे दाखवले. "हे बघ, म्हशीचं दूध इकून जमवलेत. म्हातारा बसलाय घरी शेण काढीत." आणि एवढ्या मोठ्यानं हसली की फलाटावरचं कुत्रं उठलं. मी थोडी सरकून बसले. इतकं मोकळं माणूस एकतर भाबडं असतं नाहीतर पोहोचलेलं.

२० नोव्हेंबर, सोनौली

सीमा ओलांडली. मोठी कमान आहे. अलीकडं आपला देश, पलीकडं त्यांचा, आणि दोन्हीकडं धूळ एकच.

कमानीपाशी काउंटरच काउंटर. बद्रीनाथ बसच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "मावशी, काका, नीट ऐका. आपले शंभर म्हणजे यांचे एकशे साठ. दुकानदार सांगंल तो आकडा नेपाळी. तुम्ही आपली नोट काढली तर आधी हिशोब करा. नुसता आकडा बघून आपल्या नोटा देत बसाल तर दीडपटीच्या वर घालवाल."

इतक्या कळकळीनं कुणी फुकट बोलत नाही. काउंटरवाल्यानं त्याला चहा दिला हे मी स्वतः पाहिलं.

सगळे रांगेत लागले. मनकर्णाबाईनं तीन हजार दिले, चार हजार आठशे घेतले आणि नोटांचा पंखा करून वारा घेतला. "बघ गं वच्छला! म्हाताऱ्यानं जलमभर ढोरं राखली, दुप्पट झाली नाय. म्या उभ्या उभ्या केले!"

नोट हातात घेऊन बघितली. वर बर्फाचा डोंगर, मागं जनावर. गांधीजी नाहीत.

मी एक रुपयाही बदलला नाही. बद्रीनाथ दोनदा येऊन गेला. "काकू, देऊ का करून?" मी म्हटलं, मला गरज नाही. तो काउंटरकडं बघून खांदे उडवत गेला. त्याचं माझ्यावरचं कमिशन बुडालं.

धोरण ठरवलं: आपल्या नोटा द्यायच्या. दुकानदार जो आकडा सांगेल त्याच्याखाली आणायचं. वर एक पैसा नाही. हिशोबात फसवतात ते हिशोब करणाऱ्याला. मी हिशोब करणारच नाही.

२१ नोव्हेंबर, लुंबिनी

आज तर हद्द झाली. मंदिराबाहेर एका बाईच्या टपरीवर चहा घेतला. चहाचे तीस. मी शंभराची नोट दिली. बाईनं त्यांच्या नोटा मोजल्या आणि माझ्या हातावर एकशे तीस ठेवले.

मी शंभर दिले, चहा प्याले, आणि ही मला एकशे तीस परत देते! दूध, साखर, गॅस वेगळाच. जगात असा धंदा कुणी केलाय का? शेंगदाण्याची पुडी डोळ्यासमोर आली. नोटा तिच्या फळीवर ठेवल्या आणि निघाले. ती मागं आली. "माताजी, माताजी, अपना पैसा!" मी पाय उचलले. तिनंही उचलले. मी बसमध्ये चढून काच लावली, तर ती बाहेरून नोटा हलवत बसबरोबर चौकापर्यंत धावली.

एवढा पाठलाग प्रामाणिक माणूस करत नाही.

मनकर्णाबाई म्हणाली, "अगं, ती परत देत व्हती!" मी म्हटलं, देणाऱ्यालाच भ्यायचं असतं. तिला कळलं नाही.

चहाला शंभर पडले. पण खोट्या नोटा अंगावर आल्या नाहीत. म्हणजे वाचलेच.

त्याच रात्री

झोप नाही. घरी मी भिंतीकडं झोपायची आणि हे दाराकडं. इथंही सवयीनं भिंतीकडची खाट घेतली. दाराकडं मनकर्णाबाई घोरते. अंधारात कुणीतरी दाराकडं आहे एवढं बरं वाटतं, आणि मग श्वास वेगळा ऐकू येतो.

झोपण्याआधी तिला ह्यांच्या बर्फाचं सांगितलं. सांगायचं नव्हतं. तिनं पांघरूण बाजूला केलं. मग म्हणाली, "मंग आपून दोघी मिळून घिऊ की हातात."

२३ नोव्हेंबर, काठमांडू

पशुपतिनाथाचं दर्शन झालं. आपली शंभराची नोट ताटात टाकली तेव्हा तिथल्या माणसानं दोनदा टिळा लावला. मनकर्णाबाईनं त्यांची शंभराची टाकली. तिला एकदाच. देवाच्या दारातही खऱ्या नोटेची किंमत आहे.

बाहेर रुद्राक्षाची माळ घेतली. पंधराशे सांगितले. दुकानदार म्हणाला, "आईसी या एनसी?" मी म्हटलं, तसलं काही नाही, नगद. अर्धा तास झुंजले. उठून गेले, परत आले, पुन्हा उठले. शेवटी बाराशेवर आणला. आपल्या बारा नोटा मोजून दिल्या. तो नोटांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, मग उठून मला बसायला स्टूल दिलं. कडक गिऱ्हाइकाला मान मिळतो.

मनकर्णाबाईनं तीच माळ त्याच्याच शेजारी घेतली. तेराशेला! त्यांच्या नोटा देऊन. माझ्यापेक्षा शंभर जास्त. बिचारी. मी तिला बोलून दाखवलं नाही, पण रात्री जेवताना राहवलं नाही. ती म्हणाली, "अगं बाई, माजे तेराशे म्हंजी आपले आठशेच की." आणि भात कालवायला लागली. माणूस फसला की स्वतःची समजूत अशी घालतो.

२४ नोव्हेंबर, काठमांडू

सुनेसाठी शाल. सोळाशे सांगितले, चौदाशेत आणली. नातवाला जाकीट. दोन हजार म्हणत होता, सोळाशेत दिलं. चहा पाजला. दारापर्यंत पोचवायला आला. "माताजी, फिर आना, साथवालों को भी लाना." औरंगपुऱ्यात मला कुणी पाण्याला विचारत नाही.

एका दुकानात मात्र प्रसंग. तांब्याचा दिवा घेतला. साडेतीनशे म्हणाला, मी तीनशेवर आणला, तीन नोटा दिल्या. म्हातारा दुकानदार म्हणतो, "ज़्यादा है, बहनजी," आणि एक नोट परत द्यायला लागला. वर त्यांचे वीस. मी म्हटलं, तीनशे ठरले, तीनशेच घे, नाटक नको. त्यानं हात जोडले. मीही जोडले. असे ढोंगी जास्त घातक.

तीन हजार कधी संपले कळलं नाही. जीपच्या पैशांतून उसने घेतले आहेत. उसने म्हणजे परत ठेवायचेच. जाकिटाचे पैसे बन्सीकडून घेईन. तो इथं नाही हे खरं आहे. पण हिशोब हिशोबाच्या जागी.

इतक्या स्वस्तात या वस्तू पुन्हा मिळणार नाहीत.

२५ नोव्हेंबर, पोखरा

दिवसभर बस. वळणं. मनकर्णाबाईनं लिंबू दिलं, चिंच दिली, शेवटी गाणी म्हटली. तेव्हा उलटी थांबली.

हॉटेलच्या गच्चीवरून डोंगर दिसतात म्हणे. आज ढग. बद्रीनाथ बोट दाखवून सांगत होता, इथं हा आहे, तिथं तो आहे. ढगांकडं बोट दाखवून काय वाटेल ते सांगता येतं.

पैसे मोजले. पाच हजार चारशे.

पुन्हा मोजले. तेवढेच.

एवढे कुठं गेले? मी तर प्रत्येक ठिकाणी भाव पाडला. मनकर्णाबाईवर संशय घेणं पाप आहे, म्हणून घेतला नाही. पण पिशवी उशाखाली घेतली.

२६ नोव्हेंबर, पोखरा

नाश्त्याला बद्रीनाथ म्हणाला, "उद्या पहाटे जीप. जाऊन येऊन, वरचा मुक्काम, परवाना, सगळं धरून आठ हजार माणशी. रात्री जेवायच्या आत द्या."

आठच. एक पैसा कमी नाही. सव्वीसशे कमी पडतात.

विचार केला.

एक, बन्सीला फोन करावा. तो म्हणेल, "आई, तरी मी सांगत होतो." काय सांगत होता तेही पुन्हा सांगेल. नको.

दुसरं, बद्रीनाथला म्हणावं, परत गेल्यावर देते. म्हणजे मग तो आयुष्यभर औरंगपुऱ्यात चार माणसांत, "या काकूंना मी देव दाखवला."

तिसरं काही सुचलं नाही.

दुपारी तलावावर गेलो. सगळे नावेत बसले. मी काठावर. मनकर्णाबाई नाव सोडून माझ्याजवळ येऊन बसली. "काय गं, पैसं कमी पडत्यात व्हय? माज्याकडं हायेत. घरी गेल्यावर दे. नाय दिले तरी म्हातारा काय इचारतोय!"

मी एकदम म्हटलं, "माझे आठ हजार कधीचे वेगळे बांधलेत!"

"मंग तोंड का असं?"

"गुडघा," मी म्हटलं.

का म्हटलं माहीत नाही. तोंडातून निघालं. पण एकदा निघाल्यावर चांगलं वाटलं. गुडघ्यापुढं कुणाचं चालत नाही.

रात्री बद्रीनाथनं पाचेक मिनिटं समजावलं. वर घोडा मिळतो, पालखी मिळते, मी हात धरून नेतो. "काकू, इथवर येऊन कुणी मागं राहतं का? परत येणं होत नाही या वयात." मी म्हटलं, या वयाचं मला सांगू नको. तो बराच वेळ माझ्याकडं बघत होता. घोड्यातही त्याचं कमिशन असणार.

मनकर्णाबाई दिवा घालवल्यावर म्हणाली, "आन मालकाच्या बर्फाचं?"

मी म्हटलं, त्यांना मी समजावीन.

२७ नोव्हेंबर, पोखरा

पहाटे जिपा गेल्या. खिडकीतून हात केला. मनकर्णाबाईनं माझी कानटोपी नेली.

हॉटेलचा मॅनेजर गरम पाण्याची पिशवी घेऊन आला. कुणीतरी सांगून गेलं असणार. म्हणून दिवसभर लंगडावं लागलं. जेवायला जाताना उजवा लंगडला, येताना डावा. मॅनेजर म्हणाला, "दोनो में है?" मी म्हटलं, हो.

सकाळी ढग गेले होते. गच्चीवर गेले. चढताना लंगडायचं विसरले, कुणी नव्हतं. डोंगर समोर उभा. पांढरा. एवढा जवळ की घराच्या मागं असावा. ऊन पडल्यावर त्याच्या कडा जळल्यासारख्या झाल्या. हे असते तर आधी डोळ्यांवर हात धरला असता, भट्टीची सवय.

बरं झालं. दिसला ना? बघायचाच होता. हातात घेऊन बर्फाचं काय करायचं असतं? पाणी होतं.

एका अर्थी हेच शहाणपणाचं झालं. जिपा दरीत पडतात. अर्ध्या बातमीत वाचलं आहे.

दुपारी झोपले. उठल्यावर पुन्हा गच्चीवर गेले. ढग आले होते.

२८ नोव्हेंबर, रात्री

सगळे परतले. तोंडं भाजलेली, नाकं सोललेली, खुशीत. वर आदल्या रात्री बर्फ पडला होता. देवळाच्या पायऱ्यांवर, झेंड्यांवर, सगळीकडं. एरवी या दिवसांत देवळापर्यंत नसतो म्हणे. यांच्यासाठी पडला.

मनकर्णाबाई अंथरुणावर पडल्या पडल्या सांगत होती. बर्फात घसरली. बद्रीनाथला गोळा मारला. त्यानं परत मारला. "पोरावानी हासलो गं." मग उठून बसली. "तुज्या मालकाचं नाव ठावं नव्हतं. मंग एक गोळा केला मोठा, देवळाच्या भिताडावर ठिवला, आन म्हनलं, देवा, हा वच्छलाच्या मालकाचा, भट्टीवाल्याचा. त्याला पोचव."

मी म्हटलं, लगेच वितळला असेल.

म्हणाली, "आमी निघंपत्तोर इतळला नव्हता."

तिला त्यांचं नाव सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तोंडानं घेतलं असेल.

२९ नोव्हेंबर, सोनौली, संध्याकाळ

परतीला पुन्हा तीच कमान, तेच काउंटर. मनकर्णाबाईकडं सोळाशे नेपाळी उरले होते. म्हणाली, चल माज्यासंगं, बघू किती देतोय. मी म्हटलं, बघच आता. घेताना हसत देतात, परत करताना रडायला लावतात. सासूबाईंचा हिशोब आता कळेल तिला.

काउंटरवाल्यानं सोळाशे घेतले आणि हजार दिले. आपले. शंभराच्या दहा नोटा.

मी त्या तिच्या हातातून घेतल्या. दिव्याकडं धरल्या. गांधीजी आत होते, तार होती. एका नोटेवर पेनानं कुणीतरी मोबाईल नंबर लिहिला होता. इतकी खरी नोट मी कधी पाहिली नाही.

म्हणजे त्यांचा पैसा खरा होता.

मी विचारलं, "मनकर्णाबाई, जीपचे आठ हजार कुठले होते?"

"कुठले म्हंजी? नेपाळी. आपले पाच."

मग म्हणाली, "का गं? काय झालं? बस इथं. पानी पी."

पाणी प्याले.

३० नोव्हेंबर, रेल्वे

पाच हजार लागत होते. माझ्याकडं पाच हजार चारशे होते.

१ डिसेंबर, रेल्वे

बद्रीनाथनं नीट सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं होतं. पायरीवर उभं राहून, सगळ्यांसमोर. औरंगपुऱ्यातसुद्धा "तिथले" म्हणाला होता.

बाराशेची माळ एकोणीसशे वीसला पडली. पंधराशेच मागत होता, तेही नेपाळी; "आईसी या एनसी" म्हणजे इंडियन की नेपाळी, एवढंच विचारलं होतं त्यानं. म्हणजे मी भाव पाडून वर चारशे दिले. म्हणून स्टूल. शालीचाही हिशोब करायला घेतला होता, सोडून दिला.

लुंबिनीची चहावाली चौकापर्यंत धावली होती. तिचे पाय अनवाणी होते, हे आत्ता आठवतंय.

सासूबाईंचा दोष नाही. त्यांनी आयुष्यात एकदाच पैसे बदलले होते.

मनकर्णाबाईला काही सांगितलं नाही. तिला कळलं आहे. काल रात्रीपासून हसलेली नाही, आणि माझ्यासाठी स्वतः वरचा बर्थ घेतला. गुडघ्यामुळं मला खालचा.

२ डिसेंबर, घरी

सुनेला शाल आवडली. अंगावर घेऊन आरशात बघितली. केवढ्याला, विचारलं. चौदाशे. "आपले की नेपाळी, आई?"

मी म्हटलं, नेपाळी.

"मग फारच स्वस्त," म्हणाली. खुश झाली. तिची खुशी खरी आहे, तेवढं पुरे.

बन्सीनं विचारलं, बर्फ कसा होता? मी म्हटलं, वर गेलेच नाही. गुडघा. त्याचं तोंड उतरलं. ह्यांच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी यायला हवं होतं सोबत. एकटीला पाठवलं." बाहेर जाऊन फोन लावला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं तर गुडघा जाईल आणि मूर्खपणा राहील. गुडघा बरा.

मंगळवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

५ डिसेंबर

गेलो होतो. बन्सीनं सुट्टी टाकली, रिक्षात चढताना हात धरला, उतरताना धरला. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढायला लावले. पडद्यावर लावून खूप वेळ बघितले. दाबले, वाकवले, उठायला लावलं, बसायला लावलं. इथं दुखतं का? तिथं? मी एकदा हो म्हटलं, तर तिथं दुखायला काही नसतंच म्हणाले.

मग बन्सीला म्हणाले, "काही झालेलं नाही. या वयात असे गुडघे मी फार कमी पाहिलेत. चढ, पायऱ्या, सगळं खुशाल."

बन्सी माझ्याकडं बघायला लागला.

डॉक्टर हसून मला म्हणाले, "बोला मावशी, कुठला डोंगर चढायचाय?"

मी म्हटलं, कुठला नाही.